लेथवरून उतरलेले क्रियापद

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतून फिरताना, किंवा तळवड्याहून चाकणच्या दिशेने जाताना, पत्र्याच्या शेडांवर एकाच धाटणीच्या पाट्या पुन्हा पुन्हा समोर येतात. कुठे टर्निंगची कामे करून मिळतील असे रंगवलेले असते, कुठे सीएनसी टर्नर पाहिजे असल्याची सूचना दाराला टांगलेली असते. या पाट्यांतला ‘टर्न’ हा शब्द म्हणजे इंग्रजीतले अत्यंत राबते क्रियापद. फिरणे, वळणे, वळवणे, उलटणे, पालटणे, दूध नासणे, वयाची अमुक वर्षे पुरी होणे अशा कितीतरी अर्थांनी ते चालते आणि मोठ्या इंग्रजी शब्दकोशांत त्याची नोंद पानेच्या पाने पसरलेली असते. लेथवर लाकूड किंवा धातू कातणे हा अर्थ सामान्य वाचकाला त्या पसाऱ्यात एका धंद्यापुरता, कोपऱ्यातला वाटतो. ‘फिरणे’ हा मूळ अर्थ आणि कारखान्यांनी तो मागाहून आपल्या यंत्राला लावून घेतला, अशी समजूत सहज होते. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. हे क्रियापद जन्मले तेच कातण्याच्या यंत्रावर. भोसरीतला कारागीर ज्या अर्थाने ते उच्चारतो तो सर्वांत जुना अर्थ आहे, आणि बाकीचे सारे अर्थ त्या यंत्रावरून उतरून जगभर गेलेले आहेत. तो प्रवास आपण मुळापासून पाहू.

इसवी सनापूर्वीच्या ग्रीसमध्ये ‘तोर्नोस’ हा शब्द कारागिराच्या दोन साधनांसाठी वापरात होता. एक वर्तुळ आखण्याचे साधन आणि दुसरे वस्तू गोल कातण्याचे यंत्र. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला इतिहासकार हिरोडोटस जगाचे नकाशे काढणाऱ्यांवर एके ठिकाणी टीका करतो. पृथ्वी जणू तोर्नोस लावून काढल्यासारखी वाटोळी दाखवायची आणि तिच्या कडेने महासागर वाहता ठेवायचा, ही रीत त्याला मान्य नाही. पुढच्या शतकात प्लेटोने ‘तिमायस’ या संवादात विश्वाची उत्पत्ती सांगताना याच शब्दापासून झालेले क्रियापद योजले. मध्यापासून सगळीकडे सारख्या अंतरावर असलेला गोल निर्मात्याने कातून काढला, असे तिथे वर्णन आहे. विश्वाची परिपूर्णता सांगण्यासाठी एवढ्या मोठ्या तत्त्वज्ञाला सुताराच्या यंत्रापाशी जावे लागले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. रोमन ग्रंथकार प्लिनी याने या यंत्राचे जनकत्व सामोस बेटावरच्या थिओडोरसला बहाल केले आहे आणि त्याच दमात काटकोन्या, समपातळी पाहण्याचे साधन आणि किल्ली यांचेही. एवढी साधने एकाच माणसाने शोधली असतील यावर विश्वास बसत नाही; पण कातणाऱ्याच्या यंत्राला एक नामवंत पूर्वज असावा असे रोमनांना वाटले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

लॅटिनमध्ये हा शब्द ‘तोर्नुस’ झाला आणि त्यापासून ‘तोर्नारे’ हे क्रियापद घडले. त्याचा अर्थ नेमका होता: यंत्रावर कातून गोल करणे. मात्र शब्द रोमन साहित्यिकांच्या हाती पडल्यावर लगेच लाकडाबाहेर पडला. होरेसने ‘आर्स पोएटिका’त क्विंटिलियस या परखड जाणकाराची आठवण सांगितली आहे. ओळी नीट कातल्या गेल्या नसतील तर त्या पुन्हा ऐरणीवर न्याव्यात, असा त्याचा आग्रह असे. कवितेच्या ओळीला सुताराचे यंत्र आणि लोहाराची ऐरण एका वाक्यात लाभली. रेखीव वाक्याला इंग्रजीत आजही ‘वेल टर्न्ड’ म्हणतात, त्याचे मूळ या परंपरेत आहे.

ते यंत्र दिसत कसे होते, याचे फार जुने चित्र इजिप्तमध्ये सापडते. तुना अल-गबल येथे पेटोसिरिस नावाच्या पुरोहिताचे थडगे आहे, सुमारे इसवी सनापूर्वी ३०० मधले. त्याच्या भिंतीवर कारागिरांची दृश्ये कोरली आहेत आणि त्यांत दोन माणसे कातकाम करताना दिसतात. एकाच्या हातात दोरीची दोन टोके आहेत. दोरीचा वेढा मधल्या दांड्याला बसलेला, तो आळीपाळीने एकेक टोक ओढतो आणि दांडा मागे-पुढे फिरत राहतो. दुसरा हत्यार टेकवून धरतो. या रचनेत काप बसतो तो अर्ध्याच वेळेला. दांडा हत्याराच्या दिशेने येत असताना. उलट फेरा सुरू झाला की हत्यार किंचित मागे घ्यायचे आणि पुन्हा टेकवायचे. कातणाऱ्याचा हात आणि ओढणाऱ्याचा हात एका तालात असल्याशिवाय गोलाई येत नाही. पुढे युरोपात लवचीक बांबूसारखी काठी वर बांधून पायाने दोरी खेचण्याची पद्धत रूढ झाली. तिच्यामुळे दुसऱ्या माणसाची गरज संपली; उलट फेऱ्याची अडचण मात्र तशीच राहिली.

आपल्याकडे हे यंत्र ग्रीकांकडून आले की इथेच सुचले, या वादात शिरण्यापेक्षा त्याला आपल्या कल्पनेत केवढे स्थान मिळाले ते पाहणे अधिक अर्थपूर्ण आहे. विष्णुपुराणात आणि मार्कंडेयपुराणात सूर्य आणि त्याची पत्नी संज्ञा यांची कथा येते. पतीचे तेज सोसेनासे झाल्यावर संज्ञा घर सोडून जाते. तिचा पिता विश्वकर्मा सूर्याला ‘भ्रमि’वर, म्हणजे फिरत्या यंत्रावर चढवतो आणि त्याचे तेज कातून कमी करतो. कातताना जे तेज खाली पडले ते वाया गेले नाही. त्यातून विश्वकर्म्याने विष्णूचे चक्र, शंकराचा त्रिशूळ, कार्तिकेयाची शक्ती अशी देवांची आयुधे घडवली. कातकाम करणाऱ्या कोणाही माणसाला ही कथा ऐकताच ओळखीची वाटावी. जॉब यंत्रावर बांधणे, जास्तीचा भाग उतरवणे आणि खाली पडलेल्या किसाचा उपयोग करणे, अशी धंद्याची सगळी रीत तिच्यात आहे. कालिदासालाही ती ठाऊक होती. ‘रघुवंशा’च्या सहाव्या सर्गात इंदुमतीच्या स्वयंवराला आलेला अवंतीचा राजा कसा शोभतो, तर त्वष्ट्याने, म्हणजे विश्वकर्म्यानेच, चक्रावर चढवून काळजीपूर्वक उजळलेल्या सूर्यासारखा. ‘तिमायस’मध्ये विश्व कातले गेले, पुराणात सूर्य. दोन दूरच्या संस्कृतींना सर्वोच्च कारागिरीचे रूप शोधताना एकच यंत्र आठवले.

दगडात या विद्येच्या खुणा दक्षिणेत पाहायला मिळतात. १११७ साली प्रतिष्ठित झालेल्या बेलूरच्या मंदिरातले काळे गुळगुळीत खांब त्यासाठी प्रसिद्ध आहेत, आणि आपल्याकडे कृष्णाकाठी खिद्रापूरला कोपेश्वराच्या मंदिरातले काही खांब असे वळीदार आहेत की त्यांच्याकडे पाहताना फिरते यंत्र डोळ्यांपुढे येते. लाकडात मात्र ही विद्या गावोगाव होती. मराठीत हा धंदा करणारा तो कातारी. सूत कातणे आणि लाकूड कातणे या दोन्ही कामांना आपण एकच क्रियापद दिले. लाटणे, खुळखुळे, भोवरे, बाजेचे पाय, पाळण्याच्या दांड्या, रवीचे दांडे ही सगळी कातलेली. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचे नाव आजही आहे. रंगाची करामत तर कातकामातली सर्वांत देखणी. रंगवलेल्या लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर सारखी पसरते. मग केवड्याच्या पातीने घासून तिला चकाकी आणतात. ना कुंचला, ना भट्टी. फिरण्याच्या वेगातूनच उष्णता काढणारी ही युक्ती ज्याने प्रथम केली त्याचे नाव कुठेही नोंदलेले नाही.

आता आपण शब्दाच्या मागे इंग्लंडात जाऊ. इसवी सन १००० च्या आसपासच्या जुन्या इंग्रजीत ‘त्युर्नान’ आणि ‘तुर्नियन’ अशी दोन रूपे आढळतात. लॅटिन ‘तोर्नारे’ तिथे पोचले ते धर्माबरोबर आलेल्या लॅटिन विद्येतून. त्याचा अर्थ या वेळेपर्यंत सैल होऊन ‘गरगर फिरणे, फिरवणे’ असा झाला होता. यंत्र मागे पडले आणि त्याची गती तेवढी उरली. १०६६ मध्ये नॉर्मन सरदारांनी इंग्लंड जिंकले आणि त्यांच्या फ्रेंचमधले ‘तोर्ने’ हे त्याच शब्दाचे चुलत रूप दरबारात, न्यायालयांत आणि रणांगणावर वावरू लागले. दोन्ही रूपे एकमेकांत मिसळून गेली. या शब्दाच्या पसरण्याचे खरे वळण मला इथे दिसते. नुसता सुताराचा शब्द एवढा मोठा झाला नसता; राज्यकर्त्यांच्या भाषेतून तो दुसऱ्यांदा आल्याने त्याला सगळीकडे प्रवेश मिळाला. फेरफटका तो ‘टूर’, घोड्यावरून एकमेकांवर चालून जाण्याची स्पर्धा ती ‘टूर्नामेंट’, परत येणे ते ‘रिटर्न’. जुन्या फ्रेंचमध्ये एखाद्याकडे काम वळवणे, त्याला नेमणे यासाठी ‘अतोर्ने’ होते, आणि असा नेमलेला माणूस तो ‘अॅटर्नी’. रेखाकृतीची बाह्यरेषा दाखवणारा ‘कंटूर’ इटालियनमधून आला, पण घराणे तेच.

मूळ धंदा करणारे त्या काळात कुठे होते? इंग्लंडातल्या यॉर्क शहरात ‘कॉपरगेट’ नावाचा रस्ता आहे. नाव ऐकून तांब्याची आठवण होते, पण त्याचा अर्थ पेले-वाट्या करणाऱ्यांची आळी असा आहे. १९७० च्या दशकात तिथे उत्खनन झाले तेव्हा व्हायकिंग काळातल्या लाकडी वाट्या आणि त्या कातताना मधून निघालेले लाकडाचे गाभे मोठ्या संख्येने मिळाले. पुण्याच्या तांबट आळीसारखीच ती एक आळी होती, धंद्यावरून नाव पडलेली. टर्नर हे आडनावही असेच रूढ झाले. लंडनच्या कातणाऱ्यांच्या संघाला १६०४ मध्ये राजाची सनद मिळाली. आणखी एक सोयरीक इथेच सांगतो. कुंभार चाकावर मडके घडवतो त्याला इंग्रजीत ‘थ्रो’ म्हणतात. फेकणे हा त्या क्रियापदाचा आजचा अर्थ. जुना अर्थ पिळणे, गरगर वळवणे असा होता, आणि तो कुंभाराच्या चाकापाशीच टिकला. पीळ दिलेला दोरा तो ‘थ्रेड’, तोही त्याच कुळातला. भाषा पुढे निघून गेली तरी कारागिरांनी तिचे जुने अर्थ आपल्यापाशी जपून ठेवले, याचे हे दोन उत्तम पुरावे.

या क्रियापदाच्या अर्थांची मोजदाद करण्याचे काम एकोणिसाव्या शतकात सुरू झालेल्या ऑक्सफर्डच्या महाकोशाने केले. त्याचे संपादक जेम्स मरे यांनी १८७९ पासून आयुष्य त्यात घातले. २६ जुलै १९१५ रोजी ते गेले तेव्हा ‘टी’ या अक्षराचे काम चालू होते आणि त्यांनी हातावेगळा केलेला अखेरचा भाग ‘टर्न’च्या कुळातल्या ‘टर्नडाउन’ या शब्दापाशी थांबतो. त्या थोर कोशकाराने शेवटी शेवटी ज्या क्रियापदाचा गुंता सोडवला ते कारागिराचे क्रियापद होते.

मधल्या काळात यंत्रही बदलले होते. सतत एकाच दिशेने फिरणारा, पायटा आणि जड चाक असलेला लेथ लिओनार्दो दा विंचीने पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात रेखाटून ठेवला. अठराव्या शतकात रशियात पीटर बादशहाच्या पदरी असलेल्या आंद्रेई नार्तोव्हने आणि फ्रान्समध्ये वोकांसोंने हत्यार धरणारा सरकता आधार यंत्रालाच बसवून पाहिला. या दोघांची नावे आज फारशी कोणी घेत नाही. १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले याने या कल्पना एकत्र आणून संपूर्ण लोखंडी, आटे पाडणारा लेथ सिद्ध केला. १७७१ साली वूलिच इथे जन्मलेला मॉडस्ले बारा वर्षांचा असतानाच तिथल्या शस्त्रागारात कामाला लागला होता. हत्यार माणसाच्या मुठीतून काढून सरकपट्टीवर बसवणे आणि ती पट्टी एका अचूक आट्याच्या दांड्याने चालवणे, ही त्याची किमया. एक अचूक स्क्रू हाती आला की त्यावरून हजार अचूक स्क्रू काढता येतात, त्यांतून अधिक अचूक लेथ होतात आणि त्या लेथवर पुढची सगळी यंत्रे. वाफेची इंजिने, बंदुका, शिवणयंत्रे, सायकली यांचे सारखे, एकमेकांच्या जागी बसणारे भाग त्यातूनच शक्य झाले. लेथला सगळ्या यंत्रांची आई म्हणतात ते याचसाठी.

हे लोखंडी यंत्र आपल्याकडे रेल्वे आणि तोफखान्याबरोबर आले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली, आणि रेल्वेच्या कार्यशाळांत चाके व दांडे कातणारे टर्नर लागू लागले. पुण्याच्या उत्तरेला खडकीत १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. आज आपण ज्याला पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक पट्टा म्हणतो त्याचे बीज, माझ्या मते, या खडकीत आहे. धातूचे काम घड्याळावर आणि मापावर करण्याची सवय या परिसराला तिथे लागली. मराठी माणसाने स्वतःच्या हिमतीने लेथ धरला तो मात्र दक्षिण महाराष्ट्रात. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. शेतकऱ्याचा नांगर आणि कडबा कापण्याचे यंत्र बनवणाऱ्या या घराण्याने पुढे यंत्रे बनवणारे यंत्र हाती घेतले, आणि १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानातल्या हरिहरला खास त्यासाठी कंपनी स्थापन झाली. हरिहरचा ‘किर्लोस्कर लेथ’ महाराष्ट्रातल्या कित्येक तंत्रशाळांतून आणि लहान वर्कशॉपांतून पिढ्यानपिढ्या चालला. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने १९५३ मध्ये स्वित्झर्लंडच्या ओरलिकोन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला एचएमटी काढली. तिच्याही कारखान्यातून पहिल्यांदा बाहेर पडला तो लेथच.

पिंपरीचा पहिला मोठा कारखाना लोखंडाचा नव्हता. तो १९५४ चा हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा, पेनिसिलिनचा. धातुकाम आले ते त्याच्या पाठोपाठ. १९६० मध्ये सँडविकची भारतीय कंपनी स्थापन झाली आणि मुंबई-पुणे रस्त्यावर दापोडीला कार्बाइडची कापणारी हत्यारे होऊ लागली. ऑगस्ट १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी इथल्या शेतजमिनींचे भूखंड पडू लागले. स्कूटर, टेम्पो, बेअरिंगे, इंजिने असे एकामागून एक कारखाने उभे राहिले. १९६६ मध्ये ट्रक बनवणाऱ्या टेल्कोने पिंपरीत पाऊल ठेवले तेव्हा कंपनीची धुरा वाहणाऱ्या सुमंत मुळगावकरांनी ट्रकच्या आधी यंत्रे आणि साचे बनवण्याचा विभाग उभारण्यावर भर दिला. घाई न करता आधी हत्यारे आणि हात तयार करण्याचा तो निर्णय या परिसराच्या इतिहासात मला सर्वांत दूरदर्शी वाटतो. कारण त्यातून जे कारागीर शिकून बाहेर पडले त्यांतल्या अनेकांनी पुढे भोसरीत एखाद-दुसरा लेथ टाकून स्वतःची शेड उभी केली. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांवर मुले शिकवण्याचे बंधन आलेच होते. नगर, सातारा, सोलापूर, मराठवाड्यातून आलेली मुले आयटीआयचा दोन वर्षांचा टर्नरचा अभ्यासक्रम पुरा करून इथे दाखल होऊ लागली. शासनाच्या मराठी कागदपत्रांत या अभ्यासक्रमाचे नाव ‘कातारी’ असे छापले जाते, जसे फिटरचे ‘जोडारी’ आणि वेल्डरचे ‘संधाता’. खुळखुळे कातणाऱ्याचे नाव सरकारी प्रमाणपत्रावर क्रँकशाफ्ट कातणाऱ्याला मिळाले, याचा मला मनापासून आनंद वाटतो. प्रत्यक्ष शॉपवर मात्र कोणी स्वतःला कातारी म्हणवत नाही. तिथे टर्नर हाच मानाचा शब्द.

शॉपवरची मराठी ही या क्रियापदाची अगदी नवी शाखा. फेसिंग मारायचे, टर्निंग काढायचे, टेपर घ्यायचा, थ्रेड पाडायचे, नर्लिंग करायचे, आणि या सगळ्याच्या आधी जॉब चकमध्ये बांधून तो ‘ट्रू’ फिरतो आहे ना हे पाहायचे. इंग्रजी नाम आणि मराठी क्रियापद यांची ही जोडी कोणा भाषापंडिताने लावून दिलेली नाही; आवाजाच्या कल्लोळात चटकन कळावे म्हणून कामगारांनी ती घडवली आणि ती अचूक आहे. मापांचेही तसेच. जुने उस्ताद सुतात बोलत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरांहून थोडा जास्त. त्यांचाच नातू आज त्या एका सुताचे तीन हजारांवर मायक्रॉन मोजतो आणि दहा-पंधरा मायक्रॉनांच्या फरकासाठी जॉब रिजेक्ट झालेला पाहतो. आणि कारखान्यांत दिवसाचे तीन भाग ज्या शब्दाने होतात ती ‘पाळी’ म्हणजे इंग्रजीतल्या ‘टर्न’चाच एक अर्थ.

पुढचे मोठे स्थित्यंतर अमेरिकेत घडले. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे आकार मोजून काढण्याच्या खटाटोपातून जॉन पार्सन्स यांना आकड्यांनी यंत्र चालवण्याची कल्पना सुचली आणि १९५२ मध्ये एमआयटीत आकड्यांच्या आज्ञांवर चालणारे मिलिंग यंत्र लोकांसमोर आले. तिथून सीएनसी लेथ, म्हणजेच टर्निंग सेंटर. मॉडस्लेने हत्यार मुठीतून सोडवले होते, आता चाक फिरवणारा हातही मोकळा झाला. आकुर्डी-पिंपरीच्या मोठ्या कारखान्यांनंतर काही वर्षांतच ही यंत्रे भोसरी-तळवड्याच्या शेडांत पोचली. आज तिथला मुलगा स्क्रीनसमोर उभा राहून जी-७१ टाकतो आणि यंत्र खरबड कातकामाचे सगळे फेरे आपणहून घेते. जी-७० टाकले की शेवटचा सफाईचा हात फिरतो. जी-७६ ने आटे पडतात. काम सोपे झाले असे बाहेरच्यांना वाटते, पण इन्सर्टची टीप कधी बोथट होते आहे हे कीस निळा पडण्यावरून आणि आवाजावरून ओळखणारा कान अजूनही माणसाचाच लागतो. तो कान कमावायला वर्षे जातात आणि त्याचा मोबदला मात्र ‘ऑपरेटर’ या नावाखाली ठरतो. टर्नरचा ऑपरेटर झाला त्या दिवशी पगाराबरोबर मानही घटला, असे माझे स्पष्ट मत आहे.

नव्या शतकात हा पट्टा उत्तरेकडे सरकला. १९९९ मध्ये बजाजने चाकणला मोटारसायकलींचा कारखाना सुरू केला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ आले, २०१० मध्ये महिंद्र. त्यांच्या मागे कातलेले भाग पुरवणारे शेकडो लघुउद्योजक कुरुळी, निघोजे, म्हाळुंगे, खालुंब्र्यापर्यंत गेले. या मंडळींच्या रोजच्या बोलण्यात आपल्या क्रियापदाचे अख्खे खानदान एकत्र नांदते. जागा घेताना जमीनमालकाच्या वतीने सही करणाऱ्याकडे पॉवर ऑफ अॅटर्नी आहे का ते पाहायचे. १ जुलै २०१७ पासून दर महिन्याला जीएसटीचे रिटर्न भरायचे. बँकेला टर्नओव्हर दाखवायचा. सूक्ष्म उद्योग कोणाला म्हणायचे हे २०२० पासून यंत्रांतल्या गुंतवणुकीच्या जोडीने टर्नओव्हरवरही ठरते, आणि १ एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा पाच कोटींवरून दहा कोटी रुपयांवर गेली. तळेगाव चौकात कंटेनर अडकले की यू-टर्न शोधायचा. फ्रेंच दरबारातून, लंडनच्या न्यायालयांतून आणि व्यापाऱ्यांच्या वह्यांतून आलेले हे सारे शब्द शेवटी ज्या शेडच्या कार्यालयात जमतात, तिथल्या भिंतीपलीकडे मूळ पुरुष स्पिंडलवर फिरत असतो.

एका अर्थाने तर हा शब्द वजनावर विकलाही जातो. लेथखाली पडलेल्या पोलादी किसाला भंगारबाजारात ‘एमएस टर्निंग’ म्हणतात आणि बिडाच्या भुकटीसारख्या किसाला ‘सीआय बोरिंग’. चिखली-कुदळवाडीचा भंगारबाजार अशा मालावर कैक वर्षे उभा होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली पत्राशेडे मोठ्या प्रमाणावर पाडली आणि व्यापारी पांगले, तरी माल कोठून ना कोठून भट्टीपर्यंत जातोच. तिथे कीस वितळतो आणि त्यातून नवे पोलाद निघते.

विजेवरच्या गाड्यांनी आता या धंद्यापुढे नवा प्रश्न ठेवला आहे. जून २०२२ मध्ये आकुर्डीला, जिथे एकेकाळी जुनी चेतक स्कूटर बनत असे त्याच जागी, बजाजने विजेवरच्या चेतकचा कारखाना सुरू केला. पेट्रोलच्या इंजिनातले पिस्टन, व्हॉल्व्ह, क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, गजन पिन हे सगळे कातलेले भाग विजेच्या गाडीत नाहीत. आयुष्यभर व्हॉल्व्ह गाइडच कातत आलेल्या शेडमालकाला नवा जॉब शोधावा लागणार आहे, आणि त्याला कर्ज, प्रशिक्षण आणि नव्या कंपन्यांच्या ऑर्डरींची माहिती वेळेवर मिळायला हवी. कामांची संख्या घटेल, अचूकता वाढेल. मोटरच्या मधोमध असतो तो रोटर शाफ्ट. मिनिटाला हजारो फेरे घेताना तो थरथरू नये म्हणून बेअरिंग बसण्याच्या जागा काही मायक्रॉनांच्या आत बसवाव्या लागतात; आधी टर्निंग, मग ग्राइंडिंग, मग बॅलन्सिंग. भोसरी-चाकणच्या काही शेडांत त्याचे नमुने कातायला सुरुवात झाली आहे.